तीन नॉबचा सारथी

अर्विंगमध्ये घर घेतलं की विमानांचा आवाज त्यासोबत फुकट मिळतो. डीएफडब्ल्यू विमानतळाची काही जमीन आपल्याच गावाच्या हद्दीत येते. त्यामुळे वारा उत्तरेचा असो की दक्षिणेचा, मागच्या अंगणात चहा घेताना डोक्यावरून कोणीतरी जातंच. भारतातून आलेले पाहुणे पहिले दोन दिवस कौतुकाने वर बघतात, तिसऱ्या दिवशी त्यांनाही सवय होते. वर्षा-दोन वर्षांनी आपणही अशाच विमानात बसून मायदेशी जातो. त्या लांबलचक प्रवासातला बहुतेक वेळ विमान ऑटोपायलटच्या हाती असतं, हे आपल्याला ऐकून माहीत असतं. पण ‘ऑटोपायलट विमान चालवतो’ म्हणजे नेमकं कोण काय करतं? हा प्रश्न मला खरा पडला तो घरच्या कॉम्प्युटरवर, फ्लाइट सिम्युलेटरमध्ये डीसी-३ नावाचं एक म्हातारं विमान उडवायला लागल्यावर.

आपल्या भागात हा छंद असणारे कमी नाहीत. कोणाकडे नुसता लॅपटॉप आणि एक जॉयस्टिक असते, तर कोणी गॅरेजमध्ये अर्धं कॉकपिट थाटलेलं असतं. बहुतेकांची आवड आधुनिक जेट विमानांची. निघायचं कुठून, पोचायचं कुठे ते कॉम्प्युटरमध्ये भरायचं, एक बटण दाबायचं, आणि पडद्यावरच्या किरमिजी रेषेवरून विमान मुकाट्याने चालू लागलं की खाली जेवायला जायचं. वरण-भात संपवून परत यावं तोवर विमानाने ओक्लाहोमा पार केलेलं असतं आणि ते त्याच रेषेवर असतं.

डीसी-३मध्ये हे चालत नाही. जेवून परत आलात तर विमान उडत असेल, पंख समतल असतील, इंजिनं एका सुरात घुमत असतील. सगळं आलबेल दिसेल. फक्त आपण कुठे आहोत, याचं उत्तर विमानापाशी नसेल, आणि तुमच्यापाशीही नसेल.

डीसी-३ हे विमान एका अर्थाने आपल्या शेजारचंच. अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी रात्री झोपून जाता येईल असं विमान हवं म्हणून डोनाल्ड डग्लस यांच्याकडे आग्रह धरला, आणि त्यातून हे विमान जन्माला आलं. पहिलं उड्डाण १७ डिसेंबर १९३५ला झालं, आणि पुढच्याच वर्षी ते प्रवासी नेऊ लागलं. स्मिथ यांच्या नावाचं संग्रहालय विमानतळाच्या दक्षिणेला, फोर्ट वर्थच्या हद्दीत आहे. तिथे ‘फ्लॅगशिप नॉक्सव्हिल’ हे चकचकीत डीसी-३ उभं आहे. मुलांना घेऊन जाण्यासारखी जागा आहे. सिम्युलेटरवाल्यांना हे विमान अलीकडे सहज हाताशी आलं. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरची पहिली आवृत्ती १९८२ची. त्याला चाळीस वर्षं झाली तेव्हा, २०२२मध्ये, जी ऐतिहासिक विमानं त्यात दिली गेली त्यांत डीसी-३ होतं.

या विमानातला ऑटोपायलट स्पेरी कंपनीचा. त्याचं मूळ आणखी मागे जातं. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ बेझाँ इथे सीन नदीवर सुरक्षित विमानांची स्पर्धा भरली होती. लॉरेन्स स्पेरी हा एकवीस वर्षांचा अमेरिकन तरुण आपलं कर्टिस बनावटीचं पाण्यावर उतरणारं विमान घेऊन आला. परीक्षकांसमोरून जाताना त्याने दोन्ही हात वर केले. दुसऱ्या फेरीत त्याचा मेकॅनिक एमिल काशँ पंखावर चालत गेला, तरी विमान कललं नाही. तिसऱ्या फेरीत तर दोघेही पंखांवर होते आणि चालकाची जागा रिकामी! पन्नास हजार फ्रँकचं बक्षीस त्यालाच मिळालं. करामत होती जायरोस्कोपची, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चाकाची. भोवरा फिरत असेतो आपला आस सोडत नाही, हे आपण सगळे अंगणात शिकलेलो आहोत. विमान कलंडलं तरी आतला भोवरा कलंडत नाही. त्या दोघांत पडलेला फरक मोजायचा आणि तेवढीच सुकाणं हलवायची, हे ऑटोपायलटचं सगळं शास्त्र.

डॅलसच्या पूर्वेला ग्रँड सलाइन नावाचं गाव आहे. त्या भागात जन्मलेला वायली पोस्ट हा एका डोळ्याचा वैमानिक १९३३च्या जुलैमध्ये एकट्याने जगाला प्रदक्षिणा घालून आला. त्याला ७ दिवस, १८ तास आणि ४९ मिनिटं लागली. त्याच्या सोबतीला स्पेरीचा ऑटोपायलट होता. त्याला लोक ‘मेकॅनिकल माइक’ म्हणत. हा माइक वाटेत बिघडला, त्याच्या दुरुस्तीसाठी पोस्टला न ठरवलेले मुक्काम करावे लागले. पण मला आवडते ती दुसरी गोष्ट. पोस्ट म्हणे हातात एक पाना धरून बसायचा आणि तो दोरीने बोटाला बांधलेला असायचा. डुलकी लागली की मूठ सुटायची, पाना खाली जायचा, बोटाला हिसका बसायचा आणि हा जागा व्हायचा. माइक विमान धरत होता, पण जागं राहणं पोस्टचं काम होतं. माइकवर किती विसंबायचं हे पोस्टला पुरतं ठाऊक होतं.

आता डीसी-३च्या कॉकपिटमध्ये बसू. समोर मधोमध शेजारीशेजारी दोन चौकटी. डावीकडच्या चौकटीत दिशा दाखवणारा जायरो, उजवीकडच्या चौकटीत कृत्रिम क्षितिज. त्यांच्याशी जोडलेले तीन नॉब: एक नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या रडरचा, एक पंख कलवणाऱ्या एलेरॉनचा, एक नाक वर-खाली करणाऱ्या एलेव्हेटरचा. जायरो फिरतात हवा शोषून घेणाऱ्या पंपावर, आणि सुकाणं हलतात तेलाच्या दाबाने. त्यात कॉम्प्युटर कुठेच नाही.

तो जोडण्याचाही एक विधी आहे. आधी विमान हाताने सरळ आणि स्थिर करायचं. ट्रिमची चाकं अशी लावायची की हात सोडले तरी ते जागचं हलू नये. पंपाचा आणि तेलाचा दाब पाहायचा. मग तिन्ही नॉब फिरवून ऑटोपायलटच्या खुणा विमानाच्या प्रत्यक्ष स्थितीशी जुळवायच्या: दिशेची खूण दिशेशी, कलाची कलाशी, नाकाची नाकाशी. तिन्ही जुळल्या की मग दांडी हळूहळू ‘चालू’कडे न्यायची. न जुळवता दांडी ओढली तर विमान एकदम हिसका मारून खुणेच्या दिशेला जातं. नव्या विमानात बटण दाबलं की ऑटोपायलट येतो. इथे त्याला आधी सगळा हिशेब समजावून द्यावा लागतो, मगच तो कारभार हाती घेतो.

आणि घेतो तरी किती? त्याला उंची कळत नाही, तो फक्त नाकाचा कोन धरतो. वर चढणारी हवा लागली तर नाक जागच्या जागी ठेवून विमान शंभर-दोनशे फूट वर जातं, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. तुम्ही उंचीमापक पाहून एलेव्हेटरचा नॉब केसभर फिरवायचा. त्याला वारा कळत नाही, डोंगर कळत नाही, मुक्कामाचं गाव तर नाहीच नाही. आपल्याकडे सारथी म्हटलं की कृष्ण डोळ्यांपुढे येतो. त्याला रथ कुठे न्यायचा तेही माहीत आणि का न्यायचा तेही. हा सारथी घोडे उत्तम धरतो, पण कुरुक्षेत्र कुठल्या बाजूला आहे हे त्याच्या गावीही नसतं.

हे नीट समजायला मला एक मराठी मुलूख सापडला: मुंबई ते नागपूर, रात्रीची टपाल. स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४९मध्ये, भारतात रात्रीची विमान-टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री डाकोटा विमानं निघत. डाकोटा म्हणजे डीसी-३चंच लष्करी भावंड. सगळी देशाच्या मध्यावर, नागपूरला जमत. धावपट्टीशेजारी टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि जो तो आपापल्या गावी परत फिरे. सकाळी मुंबईत मद्रासचं पत्र, मद्रासमध्ये दिल्लीचं. सगळं एका जागी आणून तिथून वाटण्याच्या ज्या युक्तीवर फेडएक्सने १९७३मध्ये मेम्फिसहून धंदा उभा केला, ती आपल्या सोनेगावच्या धावपट्टीवर जवळजवळ पाव शतक आधी रोज रात्री चालत होती.

सिम्युलेटरमध्ये मी तो मुंबई-नागपूर टप्पा उडवतो. अंतर सरळ रेषेत साधारण ६८० किलोमीटर, डीसी-३ला अडीच तास. सांताक्रूझहून निघालं की दिशा ७० अंशांच्या आसपास, म्हणजे पूर्वेच्या थोडं उत्तरेला. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळपास एकच, त्यामुळे होकायंत्राची बेरीज-वजाबाकी टळते. सात हजार फुटांवर गेलं की खाली हरिश्चंद्रगड येतो. गडाची उंची १,४२४ मीटर, म्हणजे पावणेपाच हजार फुटांच्या थोडं खाली. तेवढी मोकळीक पुरते, पण उंचीवर लक्ष ठेवावंच लागतं. पुढे औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, बरोबर वाटेवर. मग लोणार उजव्या हाताला, अमरावती डाव्या, वर्धा उजव्या, आणि समोर नागपूर.

खरी गंमत दिशेच्या जायरोची. भोवरा आपला आस सोडत नाही खरा, पण खालची पृथ्वी फिरत असते. त्यामुळे जायरो दर तासाला थोडा थोडा खोटं बोलू लागतो. किती, ते अक्षांशावर ठरतं. महाराष्ट्राच्या वर तासाला सुमारे पाच अंश, अर्विंगवर सुमारे आठ. घर्षणाने भर पडते ती वेगळी. म्हणून वैमानिक दर दहा-पंधरा मिनिटांनी ऑटोपायलट सोडतो, विमान सरळ धरतो, होकायंत्राची डुलणारी तबकडी थांबू देतो, जायरो तिच्याशी जुळवतो आणि पुन्हा ऑटोपायलट जोडतो. अडीच तासांत दहा-बारा वेळा. समजा तो हे करायचं विसरला. वारा अजिबात नाही असं धरलं आणि तासाला पाच अंशांची चूक साठत गेली, तर अडीच तासांनी विमान वाटेपासून पाऊणशे किलोमीटर दक्षिणेला सरकलेलं असेल. म्हणजे नागपूरच्या दिव्यांऐवजी खाली चिमूरकडचं जंगल. आणि गंमत अशी, की पूर्ण वेळ कॉकपिटमधला काटा बरोबर ७०वर असेल. ऑटोपायलटने एक कणही कसूर केलेली नसेल. सांगितलं होतं ते त्याने शेवटपर्यंत धरलं.

कोणी म्हणेल, हा जुन्या यंत्राचा दोष, नव्याने तो दूर केला. बराचसा केला, हे खरं. मधल्या पिढीचे ऑटोपायलट तर आपल्या टेक्सासातच बनले. फोर्ट वर्थच्या पश्चिमेला मिनरल वेल्स नावाचं छोटं गाव आहे. सेंच्युरी आणि एस-टेक या दोन्ही कंपन्यांचे ऑटोपायलट तिथले. छोट्या विमानांत ते हजारोंनी बसले, सिम्युलेटरमधल्या सेस्ना-पायपरमध्येही भेटतात. दिशा धरणं आलं, उंची धरणं आलं, रेडिओच्या मार्गावरून जाणं आलं. मोठ्या जेट विमानांत त्याच्या कितीतरी पुढचं आलं. पण सारथ्याचा स्वभाव तोच राहिला: सांगितलेलं धरायचं. फक्त त्याला काय सांगितलंय, हे आता नॉबच्या खुणेवर दिसेनासं झालं.

२९ डिसेंबर १९७२च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचं नवंकोरं ट्रायस्टार मायामीजवळ दोन हजार फुटांवर घिरट्या घालत होतं. पुढच्या चाकाचा दिवा लागत नव्हता, आणि कॉकपिटमधले सगळे त्या एका बल्बच्या मागे लागले होते. उंची ऑटोपायलटकडे होती. बहुधा दांड्याला नकळत धक्का लागला आणि उंची धरण्याचं काम सुटलं. विमान हळूहळू खाली आलं आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत आदळलं. १०१ माणसं गेली. १४ फेब्रुवारी १९९०ला मुंबईहून बंगळूरला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं एअरबस धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर पडलं. इंजिनं उतरणीच्या अशा अवस्थेत राहिली होती की ती मंदच चालणार होती, वेग घटत होता, आणि ते ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. १४६ पैकी ९२ जण गेले. २० डिसेंबर १९९५ला कोलंबियात काली शहराकडे निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७५७मध्ये जवळच्या खुणेसाठी एक अक्षर टाइप झालं. यादीत पहिलं आलेलं नाव भलत्याच, बोगोटाजवळच्या खुणेचं होतं. विमान आज्ञाधारकपणे तिकडे वळलं, डोंगरांत शिरलं. १५९ गेले, चौघे वाचले.

तिन्ही विमानं वेगळी, देश वेगळे, माणसं अनुभवी. अपघाताला कधीच एक कारण नसतं, इथेही नव्हतं. पण यंत्राला काय सांगितलंय आणि आपण काय सांगितलंय असं समजतोय, यातली फट तिन्ही ठिकाणी दिसते.

कालीनंतर दीड-दोन वर्षांनी, १९९७मध्ये, अमेरिकन एअरलाइन्समधले प्रशिक्षक कॅप्टन वॉरन व्हँडरबर्ग यांनी वैमानिकांपुढे एक व्याख्यान दिलं. वैमानिक त्या पडद्यावरच्या किरमिजी रेषेची लेकरं होत चालले आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचा उपाय साधा होता. गोंधळ वाढला की जास्त बटणं दाबू नका, एक पायरी खाली या. मार्ग सांगणारा कॉम्प्युटर सोडा, नुसती दिशा आणि उंची द्या. तरीही जमत नसेल तर ऑटोपायलट काढा आणि विमान हाताने उडवा. त्या व्याख्यानाची चित्रफीत पुढे जगभर दाखवली गेली. सिम्युलेटरवाल्यांनी ती जरूर पाहावी. मला ती पाहताना वाटलं, की डीसी-३वाले तर कायम त्या खालच्या पायरीवरच उभे होते.

आमच्या घरी हा विषय यंदा वेगळ्या कारणाने निघाला. मुलगी पंधराची झाली, म्हणजे टेक्सासात शिकाऊ लायसन्सचं वय. घरातली नवी गाडी पट्टा सुटला की चाक आपण होऊन सावरते, पुढची गाडी थांबली की आपणही थांबते. जुन्या गाडीला यातलं काही येत नाही. शिकायचं कोणत्या गाडीवर, यावर रीतसर वाद झाला. तिने आधी माझं डीसी-३ पाहिलं, तिन्ही नॉब फिरवून पाहिले, आणि म्हणाली, “बाबा, तुमच्या ऑटोपायलटला काही येतच नाही! मग तो लावता तरी कशाला?”

प्रश्न रास्त होता. लावतो, कारण अडीच तास दोन्ही हातांनी विमान धरून बसलं तर नकाशा कधी उघडणार? वाऱ्याने किती ढकललं याचं गणित कधी करणार? इंधन, हवामान, पुढचं गाव कधी तपासणार? माइक हात मोकळे करतो तो एवढ्यासाठी. तो डोकं मोकळं करत नाही, उलट त्याला जास्त मोठं काम देतो. पोळ्या लाटायला बाई ठेवली तरी आज जेवायला किती माणसं आहेत हे घरच्या बाईलाच मोजावं लागतं, असं माझी आजी म्हणायची. हे उत्तर मुलीला पटलं की नाही, ठाऊक नाही, पण शिकायला तिने जुनी गाडी घेतली. सरळ रेषा आपल्या हाताने धरता आली की मग नव्या गाडीत बसायचं, आणि चाक आपोआप हललं तर ते का हललं हे सांगायचं, असं ठरलं आहे.

आपल्यापैकी कितीतरी जण लास कोलिनासच्या कचेऱ्यांत दिवसभर हेच करतात. माणसाचं काम यंत्राला समजावून देतात. आता तर अर्धं लिखाण, अर्धा कोड यंत्रच करून देतं. ते उत्तम धरतं, थकत नाही, कुरकुरत नाही. फक्त जायरोसारखंच, काटा ७०वर ठेवून हळूहळू सरकू शकतं. दर पंधरा मिनिटांनी त्याला होकायंत्राशी जुळवणारं कोणीतरी लागतं.

दिवाळीच्या सुट्टीत वेळ मिळाला तर एकदा करून पाहा. सिम्युलेटरमध्ये डीसी-३ घ्या, रात्रीची वेळ लावा, नकाशावरची जीपीएसची खिडकी बंद करा. सेटिंगमध्ये जायरो सरकण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा. सांताक्रूझहून निघा, ७० अंश धरा, आणि शेजारी एक कागद, पेन्सिल आणि घड्याळ ठेवा. दर पंधरा मिनिटांनी कागदावर वेळ, दिशा, उंची लिहा. चहाला उठायचं असेल तर आधी जायरो जुळवा आणि पाच मिनिटांत परत या. खाली गावांचे दिवे येतील आणि जातील. त्यातलं संभाजीनगर कोणतं, जालना कोणतं, हे तुम्हालाच ओळखायचं आहे. अडीच तासांनी समोर नागपूरचे दिवे दिसले, तर ते तुम्ही आणलेले असतील.